फिलिपिनो पत्रकार जागतिक वाहिन्यांवर पोहोचले ते उच्चारामुळे का?

प्रश्नकर्ते सहा वर्षे एका मराठी वृत्तवाहिनीत बातमीदार आहेत. बीबीसी, सीएनएन आणि अल जझीरा यांच्या पडद्यावर फिलिपिन्सचे पत्रकार इतक्या सहजपणे वावरतात त्यामागे त्यांचे अमेरिकी वळणाचे इंग्रजी असावे, असे त्यांना वाटते आणि म्हणून ४०,००० रुपये भरून उच्चार सुधारण्याचा वर्ग लावावा का, असे ते विचारतात. फी भरू नका, हे माझे उत्तर आहे. मात्र कारण सांगायला थोडा वेळ लागेल, कारण तुमचे निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला आहे.

मी १७ वर्षे एका आंतरराष्ट्रीय इंग्रजी वृत्तवाहिनीत काम केले, सुरुवातीला असाइनमेंट डेस्कवर, म्हणजे कोणती बातमी कोणाला द्यायची ते ठरवणाऱ्या टेबलावर, आणि नंतर आशियातील वार्तांकनाच्या नियोजनावर. मनिलाशी जवळजवळ रोज बोलणे होई. स्ट्रिंगर, म्हणजे पगारावर नसलेले, कामापुरते मानधन घेणारे बातमीदार, नेमणे, बातमीदारांच्या चाचण्या घेणे, कोणाला लाइव्ह घ्यायचे आणि कोणाचा फक्त फोनो (फोनवरचे बोलणे) घ्यायचा हे ठरवणे, ही माझी कामे होती. त्यामुळे पुढचे सगळे निवड करणाऱ्याच्या खुर्चीतून दिसलेले आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो की, हजारो किलोमीटरवरच्या स्टुडिओतल्या संपादकाला तुमच्याकडून असे काय मिळेल, जे त्याला वृत्तसंस्थांच्या तारांवरून मिळत नाही आणि ऐनवेळी विमानात बसवून पाठवलेल्या गोऱ्या बातमीदाराकडूनही मिळत नाही. हे ज्याच्याकडे आहे, त्याच्या उच्चाराशी वाहिनी जुळवून घेते. ज्याच्याकडे ते नाही, त्याचा उच्चार कितीही गुळगुळीत असला तरी त्याला नकाराचे सभ्य पत्र जाते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हे आधीच कबूल करतो. तुमच्या भागात त्या वर्षी जगाला रस वाटेल असे काही घडते आहे का, वाहिनीचे तिथे ब्युरो, म्हणजे बातमीदारांचे कार्यालय, आहे का, पासपोर्ट कोणता आहे, यांवर बरेच ठरते आणि त्यात नशिबाचा वाटा असतो. स्थानिक माणूस नेमणे स्वस्त पडते, हेही एक कारण असते, ते कोणी उघड बोलत नाही इतकेच. आणि १९९०च्या दशकात लंडन व अटलांटाचे, म्हणजे बीबीसी आणि सीएनएनच्या मुख्यालयांचे, कान आजच्यापेक्षा बरेच हट्टी होते, हेही खरे आहे.

आता फिलिपिन्सच्या इंग्रजीबद्दल. १८९८ पासून १९४६ पर्यंत तिथे अमेरिकेचा अंमल होता, १९०१ मध्ये अमेरिकी शिक्षकांची जहाजभर तुकडी मनिलात उतरली आणि शाळेचे माध्यम इंग्रजी झाले. आजच्या १९८७च्या राज्यघटनेतही फिलिपिनोच्या जोडीने इंग्रजी राजभाषा आहे. दूरचित्रवाणीही तिथे लवकर आली, ऑक्टोबर १९५३ मध्ये, म्हणजे दिल्लीतल्या पहिल्या प्रक्षेपणाच्या सहा वर्षे आधी. आणखी एक योगायोग मला नेहमी आठवतो : सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारून मनिलाच्या खासगी वाहिन्यांना टाळे लावले आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आतच, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन सुरू झाले. आपण टीव्ही पाहायला लागलो तेव्हा त्यांच्या एका पिढीचे टीव्हीतले आयुष्य घडून मोडलेही होते.

पण याच इंग्रजीवर तिथली लाखो माणसे कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतात. उच्चार पुरेसा असता तर ती सगळी बातम्या देत असती. शिवाय खुद्द फिलिपिन्समध्ये लोक ज्या मुख्य बातम्या पाहतात, एबीएस-सीबीएन वाहिनीची ‘टीव्ही पॅट्रोल’ किंवा जीएमए वाहिनीची ‘२४ ओरास’, त्या फिलिपिनो भाषेत असतात आणि त्यांचा सूर आपल्या मराठी वाहिन्यांच्या संध्याकाळच्या सुरापासून फार लांब नाही. म्हणजे तिथला बातमीदारही घरचा सूर बाजूला ठेवूनच बाहेर पडतो.

तीन माणसे पाहू. मारिया रेसा मनिलात जन्मल्या, लहानपणीच अमेरिकेत गेल्या, प्रिन्स्टनला शिकल्या आणि १९८६ मध्ये, मार्कोस पळून गेले त्याच वर्षी, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर मायदेशी परतल्या. पुढे त्या सीएनएनच्या मनिला ब्युरोच्या प्रमुख झाल्या आणि १९९५ पासून दहा वर्षे जकार्ता ब्युरोच्या. त्यांचे इंग्रजी अस्सल अमेरिकी होते, यात शंका नाही. परंतु तसे इंग्रजी न्यू जर्सीच्या प्रत्येक गल्लीत मिळते आणि सीएनएनला त्यासाठी मनिलात माणूस शोधायची गरज नव्हती. १९९८ मध्ये इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो सत्तेवरून गेले, १९९९ मध्ये पूर्व तिमोर पेटला, ऑक्टोबर २००२ मध्ये बालीत बॉम्बस्फोट झाले, आणि या प्रत्येक वेळी त्या प्रदेशात बरीच वर्षे मुरलेले माणूस आधीच तिथे होते. आग्नेय आशियातल्या दहशतवादी गटांचे अल कायदाशी असलेले धागे त्यांनी उलगडले, ते त्या वर्षांच्या जोरावर.

दुसरे रिको हिझोन. जीएमएमध्ये अर्थविषयक बातमीदारी, मग सीएनबीसी एशिया आणि २००२ ते २०२० बीबीसीचे सिंगापूर केंद्र, असा त्यांचा प्रवास. त्यांचे इंग्रजी ऐका. ते फिलिपिनोच आहे, लयीसकट. लंडन आणि सिंगापूर मिळून चालवत असलेल्या ‘न्यूजडे’मध्ये समोरची निवेदिका ब्रिटिश वळणाने बोले आणि हे आपल्या वळणाने. शेअर बाजार, चलन, कंपन्यांचे निकाल हे विषय त्यांच्या बोटांवर होते आणि पहाटे टोकियोचा बाजार उघडताना असा माणूस लागतोच.

तिसऱ्या व्हेरोनिका पेद्रोसा. मार्कोस राजवटीमुळे परागंदा झालेल्या कुटुंबात, लंडनमध्ये वाढलेल्या. सीएनएन इंटरनॅशनलवर निवेदन, आणि २००६ मध्ये अल जझीरा इंग्लिश सुरू झाल्यावर तिच्या क्वालालंपूर केंद्रातून काम. त्यांचा उच्चार ब्रिटिश.

एक अमेरिकी, एक फिलिपिनो, एक ब्रिटिश. तिघेही एकाच देशाचे आणि तिघेही जागतिक वाहिन्यांच्या पहिल्या फळीत. उच्चार हे कारण असते तर या तिघांत काहीतरी साम्य ऐकू आले असते. साम्य आहे ते आग्नेय आशिया मुखोद्गत असण्याचे. आणि त्याबरोबर एक दुसरी गोष्ट, जी अधिक अवघड आहे : आपल्याला जे पाठ आहे ते काहीच माहीत नसलेल्या माणसाला चाळीस सेकंदांत सांगता येणे.

ते काम डेस्कवरून कसे दिसते, याचे एक उदाहरण देतो. हैयान हे वादळ, तिकडच्या भाषेत योलांदा, ८ नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे फिलिपिन्सच्या पूर्व किनाऱ्यावर धडकले आणि टॅक्लोबान शहरात समुद्र घुसला. सहा हजारांहून अधिक माणसे गेली. पहिल्या दिवसांत फोन बंद, रस्ते बंद, विमानतळ चिखलात. तिसऱ्या दिवशी लंडनहून गेलेल्या आमच्या बातमीदाराचे स्क्रिप्ट आले, त्यात एक वाक्य होते की, अनेकांनी इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केले. स्क्रिप्ट मंजूर झाले, रनडाऊनमध्ये, म्हणजे बुलेटिनच्या क्रमयादीत, चढले. तेवढ्यात आमच्या मनिलाच्या प्रोड्युसरचा सॅटेलाइट फोन आला. ती मूळची लेते बेटावरची, घरी वाराय ही तिथली भाषा बोलणारी. ती म्हणाली, “सर, तो एक शब्द काढा.” मी विचारले, का? तिने सांगितले की, ती सकाळपासून माणसांशी वारायमध्ये बोलते आहे आणि जो तो एकच सांगतो आहे : रेडिओवर ‘स्टॉर्म सर्ज’ येणार असे ऐकले, पण ते काय असते हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी वाऱ्याची तयारी केली होती, छपरे दोरांनी बांधली होती. समुद्र चालून येणार आहे, असे त्या इंग्रजी शब्दांतून त्यांना कळलेच नाही. ‘त्सुनामी’ म्हटले असते तर पळालो असतो, असे लोक म्हणत होते.

आम्ही वाक्य बदलले. पुढे काही दिवसांनी इतरांच्याही बातम्यांत हा मुद्दा आला आणि आता तर आपत्ती-व्यवस्थापनाच्या वर्गांत तो शिकवतात. पण त्या संध्याकाळी सहाच्या बुलेटिनमध्ये मेलेल्या माणसांवर दोष ठेवण्यापासून आम्हाला वाचवले ते एका बाईच्या मातृभाषेने. तिचे इंग्रजी कामचलाऊ होते. ‘एफ’च्या जागी ‘पी’ येई, फोर्सचे पोर्स होई. पुढच्या वर्षी ती पडद्यावर आली आणि ‘पी’ तसाच राहिला. प्रेक्षकांची तक्रार आल्याचे मला आठवत नाही.

मात्र ‘स्थानिक’ हा शब्दही फार ताणू नये. २०१७ मध्ये दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरील मरावी शहरात पाच महिने लढाई चालली, तेव्हा मनिलाची माणसे तिथे जवळजवळ आमच्याइतकीच परकी होती. तिथली भाषा मरानाव, धर्म इस्लाम आणि राजधानीबद्दलचा संशय जुना. अल जझीराच्या जमेला अलिंदोगान यांच्यासारख्या बातमीदारांचे मिंदानावचे काम वेगळे उठून दिसते, कारण त्या लढाई पेटल्यावर पहिल्यांदा तिथे गेल्या नव्हत्या. आपल्याकडे पुण्याचा बातमीदार भामरागडला जाऊन माडिया बोलणाऱ्या माणसासमोर माइक धरतो, तेव्हा त्याची नेमकी हीच अवस्था असते. सगळा महाराष्ट्र माझा, असे अर्जात लिहू नका. त्यातला एखादा तुकडा खरोखर तुमचा असू द्या.

इथवरचे आटोपशीर सांगायचे तर : इंग्रजीमुळे फिलिपिनो पत्रकारांना दारापर्यंत लवकर पोहोचता आले, हे मान्य, पण आत घेतले ते विषयामुळे किंवा प्रदेशामुळे. आता आवाजाचे काय करायचे ते सांगतो, कारण आवाज बिनमहत्त्वाचा आहे, असा याचा अर्थ नाही.

चाचणीत मी तीन गोष्टी ऐकत असे. पहिली, वाक्यातल्या कोणत्या शब्दावर जोर पडतो. आपली मराठी सवय क्रियापदापाशी सूर चढवण्याची असल्यामुळे इंग्रजीत भलताच शब्द ठळक होतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ उलटा लागतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’मधला घोळ कोणी मनावर घेत नाही, हा घोळ मात्र घेतात. दुसरी, वेग. इंग्रजी ट्रॅकचा, म्हणजे बातमीच्या ध्वनिमुद्रित निवेदनाचा, हिशेब सेकंदाला साधारण तीन शब्दांचा असतो आणि मराठी वाहिन्यांवर घडलेला माणूस त्याच्या दीडपट पळतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तेव्हा तो काय करतो. मी मुद्दाम असा एक प्रश्न विचारत असे. “ते अजून स्पष्ट झालेले नाही, आतापर्यंत एवढेच कळले आहे,” असे शांतपणे सांगणारा पास. ‘सूत्रांनुसार’ म्हणत रचायला लागणारा नापास. या तिसऱ्या परीक्षेत बरेच चांगले लोक गेले, आणि सांगायला वाईट वाटते, त्यांत आपले बरेच होते. अर्धा तास एकच दृश्य दाखवत बोलत राहण्याची जी सवय आपल्या वाहिन्यांनी लावली आहे, तिचा हा परिणाम.

ओरडणेही सोडावे लागेल. माइकजवळ, खालच्या पट्टीत, एका माणसाला सांगितल्यासारखे बोलायचे असते. मनिलाचे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे युनिट ‘कुया’ म्हणजे दादा म्हणे, कुठल्याही हॉटेलात पोहोचले की आवाज घुमू नये म्हणून आधी कपाट उघडून पाहत. कपडे बाजूला सारून, डोक्यावरून दुलई घेऊन, हातात टॉर्च धरून ते आत उभे राहत आणि दोन मिनिटे पंधरा सेकंदांचा ट्रॅक एका दमात देत. दार उघडून घामाघूम बाहेर आले की पहिला प्रश्न : “पट्टी वर गेली होती का?” पस्तीस वर्षांच्या अनुभवानंतर.

या कामाची कडू बाजूही तुम्हाला माहीत असावी. ‘लोकल हायर’, म्हणजे तिथल्या तिथे नेमलेला माणूस, आणि बाहेरून पाठवलेला कर्मचारी यांच्या पगारात, घरभाड्यात, विम्यात मोठी दरी असते. बातमी शोधायची स्थानिक प्रोड्युसरने, माणसे गाठायची तिने, रस्ता काढायचा तिने आणि पीटूसी (कॅमेऱ्याकडे पाहून बोलणे) करायची पाहुण्याने, असे मी अनेकदा घडताना पाहिले आणि दोन-तीनदा, कबूल करतो, मीच घडवले. वेळेचा जाचही आहे : मनिला लंडनच्या सात-आठ तास पुढे असल्यामुळे तिकडचे रात्री दहाचे बुलेटिन म्हणजे इकडे पहाटे पाच किंवा सहा, आणि गच्चीवर इअरपीस लावून उभे राहायचे त्याच्या अर्धा तास आधी.

आणि सर्वांत मोठा फरक असा की, पाहुणा परत जातो. २३ नोव्हेंबर २००९ रोजी मिंदानाव बेटावरच्या मागिंदानाओ प्रांतात ५८ जणांची हत्या झाली, त्यांतले ३२ जण माध्यमांत काम करणारे होते आणि ते तिथलेच होते. रेसा यांना २०२१ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले, पण त्याआधी २०२० मध्ये त्यांना सायबर बदनामीच्या खटल्यात दोषी ठरवले गेले होते. मूळ बातमी तो कायदा लागू होण्याच्या आधीची होती. नंतर त्यातली अक्षराची एक चूक दुरुस्त केली, तेच पुनर्प्रकाशन मानले गेले. म्हणून कोणत्याही वाहिनीशी स्ट्रिंगर म्हणून पहिले काम ठरवताना मानधनाच्या आधी दोन प्रश्न विचारा : माझा विमा तुमच्याकडे आहे का, आणि माझ्यावर खटला झाला तर वकील कोण देणार? उत्तर लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर ती बातमी सोडा.

पक्की नोकरी हेच ध्येय असेल तर काळ कठीण आहे, हेही लपवत नाही. एबीएस-सीबीएनचा प्रक्षेपण परवाना मे २०२० मध्ये संपला आणि संसदेने तो पुन्हा दिला नाही. हिझोन बीबीसी सोडून ज्या सीएनएन फिलिपिन्समध्ये गेले, ती वाहिनी ३१ जानेवारी २०२४ रोजी बंद पडली. ब्युरो आक्रसत आहेत, स्ट्रिंगरवर भार वाढतो आहे. तुमच्यासाठी यात एक संधी आहे, फक्त ती पगारपत्रकाच्या रूपात येणार नाही. मराठीतून आंतरराष्ट्रीय शिस्त शिकायची असेल तर २०१७ पासून चालू असलेल्या बीबीसी मराठीसाठी काम करून पाहा. कोणत्याही उच्चारवर्गापेक्षा तिथले संपादन तुम्हाला अधिक शिकवेल.

शेवटी त्या ४०,००० रुपयांचे काय करायचे ते. २०२२ च्या डिसेंबरअखेर मनिलात कांदा किलोला ७०० पेसोंच्या आसपास गेला, मांसापेक्षा महाग. जानेवारीत परदेशातून परतणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांच्या सामानात कांदे सापडले आणि ते जप्त झाले. मग फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकलेल्या शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. मनिलाहून आमच्या बातमीदाराने फोन करून विचारले, तुमच्याकडे कांद्याचा माणूस कोण? तिची बाजू तयार होती : बाजार, साठेबाजी, आयातीचा उशिरा झालेला निर्णय, स्वयंपाकघरातली बाई, सगळे. आपल्या बाजूने मी दोन दिवस फोन करत होतो. लिलाव कसा होतो, आडत-हमाली-तोलाई वजा जाऊन दोन रुपये कसे उरतात, लाल कांदा टिकत नाही म्हणून शेतकरी थांबू का शकत नाही, हे माहीत असलेली माणसे भरपूर भेटली. ते इंग्रजीत, ओरडल्याशिवाय, चाळीस सेकंदांत सांगणारे एकही भेटले नाही आणि अखेर दिल्लीत बसलेल्या एका अर्थतज्ज्ञावर भागवले.

तेव्हा त्या पैशांतून लासलगावला किंवा सोलापूरला पंधरा दिवस राहा, किंवा तुमचा जो तुकडा असेल तिथे. परत आल्यावर दोन मिनिटे पंधरा सेकंदांचे एकच इंग्रजी पॅकेज, म्हणजे दृश्ये, मुलाखती आणि निवेदन जोडलेली पूर्ण बातमी, करा. पहिल्या वीस सेकंदांत तुमचा चेहरा नको, दृश्य हवे. एक बाईट, म्हणजे मुलाखतीचा तुकडा, मराठीतच ठेवा आणि खाली भाषांतर द्या. पीटूसी कराल ती लिलाव चालू असताना करा, संपल्यावर नको. सोबतच्या पत्रात सहा वर्षांचा अनुभव एका ओळीत आटपा आणि उरलेल्या जागेत पुढच्या तीन महिन्यांत तुमच्या भागात काय घडणार आहे ते लिहा. माझ्या टेबलावर आलेल्या अर्जांत मी आधी तेच वाचत असे.